आण्णाच्या हातातला खराटा

आमच्या तालमीच्या अध्यक्षाला राग आवरत नाही, ही गोष्ट पेठेत कुणाला नवी नाही. तो अध्यक्ष म्हणजे मीच. मी माइक आपटलाय, खुर्च्या भिरकावल्यात, मिरवणुकीत एकदा बंदोबस्तावरच्या साहेबाची गचांडी धरता धरता राहिलोय. त्यातल्या एकाचंही मला काही वाटत नाही. पण मी माझ्या थोरल्या भावाच्या हातातला खराटा हिसकावला आणि पन्नास माणसांसमोर गुडघ्यावर आपटून मोडला, ते काही केल्या आतनं जात नाही. सांगून टाकतो एकदाचं.

थोरला भाऊ म्हणजे आमचा आण्णा. तरुणपणी मैदान गाजवलेला गडी. कान मोडलेले, मान अशी जाड की शर्टाचं वरचं बटण जन्मात कधी लागलं नाही. मी पण तालमीत जायचो, पण माझी कुस्ती म्हणजे आण्णाचा भाऊ म्हणून लोकांनी टाळ्या वाजवायची कुस्ती. पुढं मी साखर कारखान्यात फिटर झालो, कसबा बावड्यात फ्लॅट घेतला आणि तिकडं राहायला गेलो. आण्णा पेठेतल्या जुन्या गल्लीतच राहिला. मी रोज संध्याकाळी गाडी काढून तालमीच्या कट्ट्यावर यायचो. आजही येतो. कट्ट्यावर गेलं नाही तर मला अन्न गोड लागत नाही.

आण्णाच्या घरापासून चाळीस पावलांवर गल्लीचा कोपरा आहे, लिंबाच्या झाडाखालचा. आमची वहिनी होती तोवर उंबऱ्यापासून त्या कोपऱ्यापर्यंत रोज सकाळी झाडून सडा पडायचा. कुणी म्हणालं, अहो वहिनी, रस्ता महापालिकेचा आहे, तर ती म्हणायची, "असू दे की. सकाळी उठून तोंड मलाच बघायला लागतंय न्हवं त्येचं?" दोन वर्षांपूर्वी वहिनी गेली. महिना झाला नसेल, कोपऱ्यावर उकिरडा झाला. काळ्या पिशवीत बांधलेली मटणाची हाडं, पाण्याच्या बाटल्या, पूजेची फुलं प्लॅस्टिकसकट, आणि तंबाखू-सुपारीच्या माव्याच्या पुड्या तर विचारूच नका. टाकणारे कोण? कुणी परक्या गावचे पाव्हणे येऊन टाकत नव्हते. आम्हीच. चालत्या गाडीवरून पुडी भिरकावताना मी स्वतः एकदा मागंसुद्धा बघितलं नव्हतं.

आणि एक दिवस सकाळी आण्णा खराटा घेऊन बाहेर पडला.

मला कळलं ते कट्ट्यावर. "अध्यक्ष, तुमचा आण्णा झाडालाय की ओ!" एकानं सांगितलं आणि बाकीचे खदाखदा हसले. मला वाटलं, असेल एखादा दिवस. पण तो रोजच झाडायला लागला. आधी कोपरा, मग गल्ली, मग पोतं घेऊन पार नदीच्या घाटापर्यंत. कट्ट्यावरची पोरं नव्हे, माझ्या बरोबरीचे, नातवंडं असलेले बाप्ये त्याला हाका मारायचे. "काय आण्णा, सडा बी घालणार काय आज?" "आण्णा, रांगोळी कुठली काढालाय?" "हळदी-कुंकवाला बोलवा की आमच्या मंडळीस्नी!" आण्णा हसायचा आणि पुढं जायचा. त्याला लागत नव्हतं. लागत होतं मला. आमच्याकडं दर वाक्याला मर्दा म्हणतात. ये मर्दा, बस मर्दा, खा की मर्दा. त्या मर्दांच्या कट्ट्याचा मी अध्यक्ष, आणि माझा भाऊ गल्ली झाडतोय. मला कट्ट्यावर बसवेना.

एकदा मी घरी जाऊन त्याला सरळ बोललो. "आण्णा, हे काय लावलंयस? बायकांचं काम हाय ते."

तो खाटेवर बसून पायाला तेल चोळत होता. म्हणाला, "तालमीत पहिलं सहा महिनं तू काय केलंतंस?"

तालमीत नवीन पोरगं आलं की वस्ताद त्याला लगेच कुस्ती शिकवत नसत. सहा महिने फक्त माती. पहाटे उठून कुस्तीच्या मातीचा हौदा खणायचा, ढेकळं फोडायची, ताक, तेल, लिंबू, हळद घालून ती तांबडी माती मऊ करायची, आणि सगळी तालीम कोपरान् कोपरा झाडून काढायची. आत चप्पल न्यायची नाही. थुंकायचं तर नावच काढायचं नाही, एकानं चूळ टाकली म्हणून वस्तादांनी त्याला दिवसभर उठाबशा काढायला लावल्याचं मी डोळ्यांनी बघितलंय. बाईमाणूस आत येत नसे, म्हणजे झाडणारे सगळे आम्ही पुरुषच. त्या झाडण्याची कुणाला लाज नव्हती, उलट ज्याच्या हातून माती चांगली निघते त्याला वस्ताद खारका द्यायचे. आणि तेच आम्ही त्याच तालमीच्या दारात कट्ट्यावर बसून पिचकाऱ्या मारतो. भिंत लालभडक झालीय. आत माती ती आई आणि उंबऱ्याबाहेर पाय पडला की माती ती कुणाचीच नाही.

"तालमीची गोष्ट येगळी," मी म्हणालो.

"येगळी कशापाय?"

आता लिहितोच आहे तर खरं तेच लिहितो. बायकांचं काम, बायकांचं काम असं मी म्हणत होतो, पण त्याच्या खाली आणखी एक गोष्ट होती. रस्ता झाडणारी माणसं कुठल्या वस्तीतून येतात हे आम्हाला कुणी शिकवावं लागत नाही. आपल्या घरातला गडी रस्त्यावर खराटा मारतो म्हणजे त्यांच्यातला झाला, ही भीती. ती तोंडानं बोलायची नसते, म्हणून मर्दपणाचं नाव पुढं करायचं. मी आयुष्यभर जातपात मानत नाही असं भाषणात सांगत आलोय. थू माझ्या भाषणांवर!

दिवाळी झाल्यावर एका रविवारी तालमीचं जेवण होतं, नदीकाठी. दरवर्षी असतं. तीन दगडांच्या चुली, मोठाले हंडे, तांबडा, पांढरा रस्सा, सुकं मटण, भाकरी. बायका नाहीत, सगळं पुरुषांच्या हातचं. बघा गंमत, मटण शिजवायला आम्हाला लाज नाही. कांदा चिरताना रडायलाही लाज नाही. पन्नास माणसं जेवली की पन्नास थर्माकोलच्या ताटल्या, शंभर वाट्या, पाण्याचे ग्लास, आणि बाटल्या किती ते विचारू नका, सगळं तिथंच टाकून आम्ही ढेकर देत घरी. वारा सुटला की अर्ध्या ताटल्या नदीत. आजवर हे असंच चाललेलं.

त्या दिवशी पहिली पंगत उठली आणि आण्णा पोतं आणि खराटा घेऊन उभा राहिला. कळकाच्या काठीचा लांब खराटा होता. जेवायला आलेला माणूस, स्वतः अजून जेवला नव्हता, आणि लोकांच्या उष्ट्या ताटल्या गोळा करायला लागला. एकजण मुद्दाम त्याच्या पुढ्यात हाडूक टाकून म्हणाला, "आण्णा, हे राहिलं की." हशा पिकला. दुसरा म्हणाला, "अध्यक्ष, घरची माणसं कामाला लावलीसा काय?" परत हशा.

त्या माणसाच्या थोबाडीत द्यायची होती. खरा मर्द असतो तर दिली असती. मी आण्णाकडं गेलो. त्याच्या हातातला खराटा ओढला. तो सोडेना, त्याची पकड अजून पैलवानाचीच. मी जोर लावून हिसकावला, गुडघ्यावर आपटला, काठी मोडली. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडलो, "वहिनी मेली म्हणून आता तू वहिनी झालास व्हय रं?"

कुणीतरी शिट्टी मारली आणि परत सगळे हसले.

आण्णानं माझ्याकडं बघितलं. मला वाटलं मारतोय आता. मारायला पाहिजे होतं त्यानं. त्यानं हातातलं पोतं खाली ठेवलं, पायजम्याला हात पुसले आणि घाटाच्या पायऱ्या चढून निघून गेला. न जेवता.

कुणीतरी ते सगळं मोबाइलवर घेतलं होतं. संध्याकाळपर्यंत तालमीच्या ग्रुपवर आलं, खाली हसणारी तोंडं. मला अंगठेही आले. "अध्यक्ष, नाद खुळा!" मी ते वाचलं आणि, सांगायला लाज वाटते, थोडं बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशीपासून आण्णानं झाडणं बंद केलं. नुसतं झाडणं नाही, बाहेर पडणंच बंद केलं. कोपरा आठवड्यात भरला. कुत्री पिशव्या फाडून गल्लीभर ओढायला लागली. आठ-दहा दिवसांनी कोडोलीहून फोन आला. आण्णाची लेक तिकडं दिलीय. तिनं तो व्हिडिओ बघितला होता. तिच्या नवऱ्याच्या मोबाइलवर आला होता म्हणे.

"काका, तुमास्नी काय वाटलं न्हाई व्हय ओ?" ती म्हणाली. मग बराच वेळ नुसती रडली. "आई गेल्यावर ते सकाळी उठायचे ते त्या झाडण्यासाठी. मला फोनवर सांगायचे, आज घाट केला, आज कोपरा केला. आता अंथरुणातनं उठत न्हाईत. शेजारीण सांगते, एक येळ जेवतात. चला म्हटलं माझ्याकडं, तर लेकीच्या घरात किती दिवस राहू म्हणतात."

"मी काय करू सांग," मी म्हणालो.

"जावा आणि चुकलं म्हणा. दुसरं काय नको. एवढा एक शब्द."

एवढा एक शब्द. मी बावड्यातनं पेठेत जाईपर्यंत तो गाडीवर मोठ्यानं म्हणून बघितला. चुकलं. आण्णा, चुकलं माझं. सोपा आहे. पण आण्णाच्या दारापर्यंत जाऊन मी गाडी तशीच वळवली. तो शब्द आमच्या घरात बापानं कधी म्हटलेला ऐकला नव्हता. चुलत्यानं म्हटलेला ऐकला नव्हता. कुस्तीत हरलं तर हात मिळवायचा, पाठ थोपटायची, संपलं. पण तोंडानं चुकलं म्हणायचं, ते पण मिशा पांढऱ्या झाल्यावर, ते आम्हाला कुठल्या वस्तादानं शिकवलंच नाही.

मग मी आमच्या पद्धतीनं माफी मागितली. म्हणजे मटणाचा डबा नेला. कोल्हापुरात भांडण मिटवायचं तर तांबडा-पांढरा घेऊन जायचं, समोरच्यानं भाकरी मोडली की मिटलं. आण्णानं डबा घेतला. "बस," म्हणाला. जेवला. मी काही बोललो नाही, त्यानंही काढलं नाही. तिसऱ्या दिवशी त्यानं शेजारच्या माणसाच्या हातून डबा परत धाडला. घासून लख्ख केलेला, आणि आत गुळाचा खडा. डबा रिकामा परत देऊ नये, ही वहिनीची रीत. मी डबा उघडून स्वयंपाकघरात उभाच राहिलो. बायकोनं विचारलं, काय झालं, तर मी तिच्यावरच खेकसलो.

शब्द येईना, म्हणून मी काम करायचं ठरवलं. आण्णाचं काम. कोपरा आपण झाडायचा, आण्णाला दिसेल, कळेल त्याला. पण ते कट्ट्यावरच्यांना दिसता कामा नये, हे पण होतंच! थंडीचे दिवस. मी साडेपाचला बावड्यातनं निघायचो, गाडी तालमीच्या मागं लावायचो, अंगात जुना जर्किन घालायचो आणि मफलर असा गुंडाळायचो की फक्त डोळे दिसावेत. खराटा नवा आणला होता, तो गल्लीतल्या देवळामागं लपवून ठेवायचो. चोरून बाई ठेवणारा माणूससुद्धा माझ्यापेक्षा ताठ मानेनं फिरत असेल. पंधरा-वीस मिनिटांत कोपरा झाडायचा, पोतं भरून महापालिकेच्या कोंडाळ्यात, कचराकुंडीत, टाकायचं आणि उजाडायच्या आत पसार.

सहाव्या की सातव्या दिवशी आण्णाचं दार उघडलं. तो उंबऱ्यावर येऊन बसला. अंगावर घोंगडं. त्याच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे, ऑपरेशनला तयार नाही. चाळीस पावलांवरचा माणूस त्याला धुरातल्यासारखा दिसतो. तो नुसता बसून बघत राहिला. मी मान खाली घालून झाडत राहिलो. दुसऱ्या दिवशी पण बसला. त्याच्या पुढच्या दिवशी हाक मारली.

"ओ पाव्हणं!"

सख्ख्या भावाला पाव्हणं. मी थांबलो.

"लई चांगलं झाडतायसा. च्या ठेवलाय. थांबा जरा."

तो आत गेला आणि कप घेऊन बाहेर आला. भिंतीला हात लावत, एकेक पाऊल टाकत, त्या कोपऱ्यापर्यंत चालत आला. महिनाभरात पहिल्यांदा एवढा लांब आला होता. कप माझ्या पुढं धरला. कप भरून घट्ट चहा, आलं घातलेला. एवढ्या जवळून त्याला माझे डोळे दिसत होते की नाही, मला माहीत नाही. म्हणाला, "घ्या. तोंड बांधून काम करू नका, पाव्हणं. चोरी करताय काय? कष्ट हाय ते."

चहा प्यायचा तर मफलर काढायला पाहिजे. मफलर काढला की झालं होतं, शब्द बोलायचीसुद्धा गरज नव्हती. देवानं ताटात वाढून दिलं होतं. मी हात मफलरकडं नेलाही. तेवढ्यात तालमीच्या बाजूनं दोघंतिघं कट्ट्यावरचे येताना दिसले, हातात दुधाच्या किटल्या, मोठमोठ्यानं बोलत. माझा हात तिथंच राहिला. मी कप घेतला आणि त्यांच्याकडं पाठ करून झाडामागं गेलो. आणि तो चहा, माझ्या भावानं भिंती चाचपत आणलेला चहा, मी लिंबाच्या बुंध्याशी ओतून टाकला. रिकामा कप परत आणून दिला.

"बरा झाला हुता न्हवं?" आण्णानं विचारलं.

मी मान डोलावली.

दुपारी त्याचा मला फोन. भांडणानंतर पहिल्यांदा त्यानं आपण होऊन फोन केला. आवाजात जीव आला होता. "आरं, महापालिकेचा नवा माणूस आलाय झाडायला. कामाला वाघ हाय. उद्या सकाळी ये की, तुला दाखवतो. बघ म्हणावं, काम कसं करत्यात."

"उद्या जमत न्हाई आण्णा," मी म्हणालो, "तालमीची मिटिंग हाय."

"सकाळी सहाला?"

"व्हय."

तो म्हणाला, "बरं. मिटिंग म्हटल्यावर काय. जा."

उद्या तो कपबशी घेऊन बसणार, परत मफलर सोडायला सांगणार, हे मला कळत होतं. मी गेलो नाही. दुसऱ्या दिवशी पण गेलो नाही. मग जाणंच सोडलं. अंगात ताप आहे असं स्वतःलाच सांगितलं. स्वतःची किळस येते म्हणतात ती मला त्या दिवसांत आली, बसता-उठता आली, पण किळस येऊनही मी बावड्यातच बसून राहिलो.

पंधरा दिवसांनी धाडस करून त्याच्याकडं गेलो. संध्याकाळची वेळ, तोंड उघडं, हातात फळांची पिशवी. कोपरा परत तसाच झाला होता, वास दारापर्यंत. आण्णा आत खाटेवर भिंतीकडं तोंड करून पडला होता. मी बसलो. चुकलं हा शब्द घशापर्यंत आला होता, अगदी दातांशी.

त्यानं वळून न बघताच विचारलं, "त्या झाडणाऱ्याची बदली केली वाटतं रं?"

मी फळांची पिशवी खाटेखाली सरकवली.

"तुला काय कळलं असलं तर सांग. म्या काय वंगाळ बोललो काय त्येला? तोंड उघडं ठेवा म्हणालो, एवढंच. त्येचा राग आला असंल."

"न्हाई आण्णा," मी म्हणालो. "बदलीच झालीया त्येची."